क्रेटवर उभा राहून खेळणारा मुलगा

तरावीहची नमाज आटोपली की रमजानच्या रात्री गल्लीत कॅरमबोर्ड निघतात. वर बल्ब टांगलेला, चार पोरं खेळतायत, आठ-दहा उभी राहून बघतायत. सहरीची वेळ होईपर्यंत सोंगट्यांचा खटखटाट चालू. घरातल्या थोरांना या कॅरमचं फारसं काही वाटत नाही, कारण तो दारासमोर असतो. पण तोच मुलगा बाजारपेठेतल्या पूल पार्लरमध्ये जातो असं कळलं की आईच्या कपाळाला आठी पडते. सिगारेटचा धूर, पैशाच्या पैजा, रिकामटेकडी संगत. ही काळजी जशी मुस्लिम घरात, तशीच शेजारच्या हिंदू घरात. आणि ती खोटी आहे असंही नाही.

इथून हजारो मैलांवर, फिलिपिन्सच्या राजधानीत, एक मुलगा अशा हॉलमध्ये नुसता जात नव्हता. तो तिथेच काम करत होता, तिथेच झोपत होता, तिथेच लहानाचा मोठा झाला. त्याचं नाव एफ्रेन रेयेस. पूल खेळणारे आज त्याला ‘जादूगार’ म्हणून ओळखतात. जगातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंची यादी कोणीही केली, तरी त्याचं नाव वर असतं.

एफ्रेनचा जन्म २६ ऑगस्ट १९५४ चा, पाम्पांगा प्रांतातला. हा प्रांत मनिलाच्या उत्तरेला आहे. पाच वर्षांचा असताना तो मनिलात मामा-काकांच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्याकडे राहायला आला. त्यांचा ‘लकी थर्टीन’ नावाचा पूल हॉल होता. एवढ्याशा पोराला तिथे काम मिळालं ते टेबलाशी हजर राहण्याचं. गिऱ्हाईक आलं की टेबल लावून द्यायचं, डाव संपला की पुढच्या डावाची तयारी करायची. टेबल रिकामं मिळालं की स्वतः काठी हातात घ्यायची.

अडचण एकच होती. टेबलाच्या कडेवरून हात पुढे पोचत नव्हता. मग त्याने कोका-कोलाच्या बाटल्यांचे क्रेट ओढून आणले. क्रेटवर चढायचं, एक फटका मारायचा, खाली उतरायचं, पांढरा बॉल जिथे थांबला असेल तिथे क्रेट सरकवायचा आणि पुन्हा चढायचं. रात्री हॉल बंद झाला की त्याच टेबलावर अंग टाकायचं. पूलच्या चांगल्या टेबलाला वर लोकरी कापड असतं आणि त्याखाली पाटीच्या दगडाची जाड फरशी. दिवसा ज्यावर खेळायचं, रात्री तेच अंथरूण.

हॉलमध्ये याच नावाचा आणखी एक खेळाडू होता, वयानं मोठा. दोघांत गोंधळ नको म्हणून या छोट्याला सगळे ‘बाता’ म्हणू लागले. टागालोग भाषेत बाता म्हणजे लहान मूल. पुढे हे टोपणनाव त्याला कायमचं चिकटलं.

गल्लीतला खेळ

आपल्यालाही हा खेळ परका नाही. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक अमॅच्युअर बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. कुठल्याही खेळातलं भारताचं ते पहिलं वैयक्तिक जागतिक विजेतेपद. मुंबईचे यासीन मर्चंट १९८९ आणि २००१ मध्ये स्नूकरचे आशियाई विजेते झाले. मात्र आपल्याकडे हा खेळ बराच काळ क्लब आणि जिमखान्यांच्या दाराआड राहिला. टेबल महाग, सभासदत्व त्याहून महाग.

फिलिपिन्सची गोष्ट निराळी. १८९८ ते १९४६ या काळात तिथे अमेरिकेचा अंमल होता, आणि अमेरिकी लोकांचा पूल तिथल्या गल्लीबोळांत रुजला. हातावर पोट असलेल्या माणसालाही काही नाण्यांत एक डाव खेळता येऊ लागला. एफ्रेन वाढला तो अशा मनिलात.

तिथला लाडका प्रकार ‘रोटेशन’. टेबलावर १ ते १५ आकड्यांचे बॉल असतात आणि दर वेळी सगळ्यात लहान आकड्याच्या बॉललाच आधी मारावं लागतं. जो बॉल पॉकेटमध्ये जाईल, त्याचा आकडा म्हणजे तुमचे गुण. सगळ्यांची बेरीज १२०, म्हणून ६१ झाले की डाव तुमचा. यात मनाला येईल तो सोपा बॉल मारण्याची मुभा नाही. हा फटका मारतानाच पुढच्या दोन-तीन फटक्यांसाठी पांढरा बॉल कुठे थांबवायचा याचा हिशेब करावा लागतो.

तरुणपणी एफ्रेन कॅरम बिलियर्ड्सही भरपूर खेळला. नावात कॅरम असलं तरी आपल्या कॅरमहून हा खेळ अगदी वेगळा. या टेबलाला पॉकेटच नसतात. त्यातल्या ‘थ्री कुशन’ प्रकारात आपला बॉल दुसऱ्या बॉलला लागण्याआधी किमान तीनदा कडेवर आपटावा लागतो. बॉल कडेवरून कुठल्या कोनात परत फिरेल, हे हाडीमाशी मुरल्याशिवाय इथे गुण मिळत नाहीत.

या दोन खेळांनी त्याचा हात घडवला. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रिनो शहरात अर्ल स्ट्रिकलंड या नामवंत खेळाडूविरुद्धच्या सामन्यात एफ्रेनला हवा असलेला बॉल दुसऱ्या बॉलच्या आड दडला होता. सरळ वाट नव्हती. त्याने पांढरा बॉल एका कडेवरून समोरच्या कडेवर असा नागमोडी फिरवला आणि तो आड दडलेला बॉल पॉकेटमध्ये घातला. आजही लोक तो फटका पुन्हा पुन्हा पाहतात आणि त्याला जादू म्हणतात. त्या जादूमागे पॉकेट नसलेल्या टेबलावर घालवलेल्या रात्री होत्या.

पैजेचं दुसरं तोंड

इथे एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मनिलातले हॉल पैशाच्या डावांवर चालत, आणि एफ्रेनही लहान वयापासून पैजेवर खेळला. पाच-सहा वर्षांच्या मुलाने हॉलमध्ये राबणं, याला आज आपण बालमजुरी म्हणू आणि ते बरोबरच ठरेल. ज्या टेबलाने त्याला वर आणलं, तशाच टेबलांवर किती बापांचा पगार आणि किती पोरांची शाळा गेली असेल, त्याची नोंद कुठे नसते. एक एफ्रेन निघाला म्हणून प्रत्येक हॉल शाळा ठरत नाही.

त्याला हॉलने गिळलं नाही, याचं एक कारण साधं दिसतं. तो तिथे बेवारस नव्हता. हॉल घरच्या माणसाचा होता. हाताला काम होतं, त्या कामाची जबाबदारी होती. शिवाय खेळच असा, की समोरचा टेबलावर असेपर्यंत आपण खुर्चीत गप्प बसायचं. तो चुकेल तेव्हाच आपली पाळी. त्या बसण्याला उर्दूत सब्र म्हणतात, आणि तो बोलून शिकवता येत नाही.

हा सब्र पुढे कामी आला. १९८५ मध्ये एफ्रेन अमेरिकेत ह्युस्टनच्या एका स्पर्धेत उतरला तो ‘सेझार मोरालेस’ या खोट्या नावाने, आपलं खरं नाव तिथवर पोचलं असेल या धास्तीने. स्पर्धा त्याने जिंकली. १९९४ मध्ये यू.एस. ओपन नाइन-बॉल जिंकणारा तो अमेरिकेबाहेरचा पहिला खेळाडू ठरला. १९९६ मध्ये हाँगकाँगला त्याच स्ट्रिकलंडशी १२० डाव आधी जिंकण्याचा सामना झाला. सगळं बक्षीस विजेत्याचं, एक लाख डॉलर. तीन दिवस चाललेल्या या लढतीत बराच मागे पडलेला एफ्रेन शेवटी १२०-११७ असा जिंकला. १९९९ मध्ये कार्डिफला तो नाइन-बॉलचा जगज्जेता झाला आणि फिलिपिन्समधल्या पोरांच्या हाती पुन्हा काठ्या आल्या. २००३ मध्ये अमेरिकेतल्या बिलियर्ड काँग्रेसच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये दाखल झालेला तो पहिला आशियाई. २००६ मध्ये रिनोला त्याने जिंकलेल्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस पाच लाख डॉलरचं होतं.

मे २०२२ मध्ये हनोईच्या आग्नेय आशियाई स्पर्धेत फिलिपिन्सच्या संघातून ६७ वर्षांचा एक माणूस उतरला. खेळ होता कॅरम बिलियर्ड्स, पॉकेट नसलेल्या टेबलाचा. त्याला कांस्यपदक मिळालं. प्रेक्षक त्याला ‘बाता’ म्हणूनच हाक मारत होते.

आज रात्रीही गल्लीत बल्ब लागेल आणि बोर्डावर पावडर पडेल. दोन-चार पोरं उठून बाजारपेठेतल्या पार्लरकडेही वळतील. त्यांना दरडावण्याआधी घरातल्या कोणीतरी एकदा त्यांच्यासोबत तिथवर जाऊन यावं. टेबल कसं आहे, हे पाहण्यापेक्षा तिथे थोरलं माणूस कोण बसतं आणि ते पोरांकडे कुठल्या नजरेनं बघतं, एवढं पाहिलं तरी पुरे.