जोराचा व्यायाम आणि हृदय : धोका कोणाला आणि कधी?

"डॉक्टर, रोज व्यायाम करणारा माणूस असा कसा गेला?" कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार ऑक्टोबर २०२१ मध्ये, ४६व्या वर्षी गेले, तेव्हा दवाखान्यात जो तो हेच विचारत होता. पाठोपाठ बायकांचा प्रश्न, "मग ह्यांचं चालणंही बंद करू का?"

बंद करू नका. नियमित व्यायामाने हार्ट अटॅकचा धोका एकंदरीत कमीच होतो. मात्र दम लागेल असा जोराचा व्यायाम चालू असताना आणि त्यानंतर थोडा वेळ हा धोका तात्पुरता वाढतो. ज्याला सवय नाही, त्याच्यात तो सर्वांत जास्त वाढतो. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम सिंहगड धावत चढणारे पंचेचाळिशीचे गृहस्थ, मला काळजी त्यांची वाटते.

पस्तिशीनंतर मुख्य कारण म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेला चरबीचा थर. एरवी त्याचा काही त्रास जाणवत नाही. जोर लावला की ठोके आणि बीपी झपाट्याने वाढतात, थराला चीर पडू शकते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि वाहिनी बंद पडते. "ईसीजी नॉर्मल होता की!" असं नातेवाईक म्हणतात. पण पडून काढलेल्या ईसीजीत असा थर बहुधा दिसतच नाही. डायबेटिस, बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू किंवा घरात हृदयविकार असेल, तर जिम लावण्याआधी डॉक्टरांना भेटा. गरज वाटल्यास ते स्ट्रेस टेस्ट सांगतील.

तरुण खेळाडूंत कारणं वेगळी असतात. हृदयाचा स्नायू जन्मजात जाड होण्याची प्रवृत्ती, किंवा ठोक्यांच्या विद्युत यंत्रणेतला दोष. घरात कोणी कमी वयात अचानक दगावलं असेल, किंवा मुलगा धावताना चक्कर येऊन पडला असेल, तर "उपाशी होता" म्हणून सोडून देऊ नका. ईसीजी आणि टू-डी इको करून घ्या.

तापात व्यायाम नकोच. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि अशा वेळी धावणं जिवावर बेतू शकतं.

व्यायाम करताना छातीवर दाब, जबडा किंवा हातात कळ, दरदरून घाम, नेहमीपेक्षा जास्त धाप, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबा. माझ्या एका पेशंटने जबड्याची कळ दाताची समजून दोन दिवस काढले होते. अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन राहिलेला सेट पूर्ण करणारेही भेटतात!

सुरुवात करताना बोलता येईल इतक्याच वेगाने चाला आणि वेग काही आठवड्यांत हळूहळू वाढवा. संपवताना एकदम थांबू नका, पाच-दहा मिनिटं सावकाश चाला.

शेजारचा माणूस कोसळला, हाक मारूनही हलत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर १०८ला फोन करायला सांगा आणि लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत.