सहा महिन्यांचे घर

दसरा झाला की धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातल्या अनेक गावांत बांधाबांध सुरू होते. बालाघाटच्या डोंगररांगेतला हा मुलूख पावसावर जगणारा. सोयाबीन निघाले, ज्वारी पेरून झाली की हाताला काम उरत नाही. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ती ऊस तोडून फेडायला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ट्रकमध्ये नाहीतर बैलगाडीत संसार चढतो. ज्वारी-बाजरीची पोती, लोखंडी पेटी, तवा, काटवट, हंडा-कळशी, गोधड्या, दोन शेळ्या, कोंबड्या आणि गावी सांभाळायला कुणी नसलेली पोरे, सगळे एकाच वाहनात. तेरखेडा, पारडी फाटा मागे पडतो आणि सोलापूर, सांगली, कोल्हापूर, पुणे किंवा थेट कर्नाटकातल्या बेळगावकडचा उसाचा फड गाठला जातो. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साखर कारखाना बंद होईपर्यंत, मुक्काम तिकडेच. मार्च-एप्रिलपर्यंत हे लोक ज्या घरात राहतात त्याचे नाव कोपी.

कोपी उभारणे हे कसबाचे काम आहे आणि ते बहुतेक नवरा-बायको दोघे मिळून करतात. कोयता म्हणजे एक जोडपे, हा या धंद्यातला हिशेब. घरही त्याच हिशेबाने उभे राहते. बांबू किंवा त्याच्या चिवट कामट्या वाकवून दोन्ही टोके जमिनीत रोवायची. कमानी ओळीत आल्या की आडव्या काठ्या सुतळीने आवळायच्या. त्यावर चटया, चटयांवर प्लास्टिकचा कागद किंवा ताडपत्री. कडेला माती आणि दगड दाबून वारा अडवायचा, भोवतीने चर खणून पावसाचे पाणी वळवायचे. आत शेणाने सारवायचे. मागच्या अंगाला पेटी आणि धान्याची पोती, वरच्या बांबूला भाकरीचे गाठोडे आणि तान्ह्या लेकराची झोळी. पुढे तीन दगडांची चूल. बाजूला चार काठ्या रोवून जुने लुगडे गुंडाळले की न्हाणी तयार. बहुतेक कोप्यांत माणसाला ताठ उभे राहता येत नाही. वाकून शिरायचे आणि बसून वावरायचे.

या घरात सुधारणा झाल्या, त्या राहणाऱ्यांनी स्वतःच्या पदराला खार लावून केल्या. पाचटाच्या जागी प्लास्टिक आले. चिमणी आणि कंदील जाऊन बॅटरी आली, आता काही कोप्यांवर हातभर सौर पत्रा दिसतो. पाण्याला निळी पिंपे आली. लाकडी चाकाच्या गाडीची टायरगाडी झाली. मोबाइल तर हवाच. गावाकडे म्हातारीजवळ ठेवलेल्या पोरीचा आवाज त्यातूनच ऐकू येतो. चार्जिंगला मात्र जवळच्या वस्तीवर किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर अवलंबून राहावे लागते.

सुधारणांनी नव्या अडचणीही आणल्या. प्लास्टिक पाऊस अडवते, पण थंडीत रात्रभर आतल्या बाजूला दव धरते आणि पहाटे अंथरुणावर गळते. मार्चच्या उन्हात त्याच कागदाखाली दुपारी बसवत नाही. चटई, प्लास्टिक आणि वाळलेले पाचट यांना चुलीची एक ठिणगी पुरते. कोप्या जळून संसार राख झाल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. तळ उसाच्या कडेला असतो, त्यामुळे सापाची भीती कायमची. जुन्नर-शिरूर भागात तर बिबट्याची मादी उसातच पिले घालते, आणि तिथेच कोपीच्या दाराशी लेकरे खेळत असतात.

सर्वांत मोठी उणीव पाण्याची आणि आडोशाची. बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकरी थापते, फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. संध्याकाळी परतल्यावर पाणी आणणे तिच्याच वाट्याला. आंघोळ अंधारात, शौचाला उसाच्या सरीत. पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी नाही, बदलायला जागा नाही आणि काम चुकले तर खाडा पडतो. यातून आजार अंगावर काढले जातात. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने नेमलेल्या समितीसमोर शेजारच्या बीड जिल्ह्याचे आकडे आले. 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या शस्त्रक्रियांमागे अनेक कारणे होती, पण पाणी, न्हाणी आणि शौचालय नसलेले घर त्यांपैकी एक होते. कोपीतल्या सोयी हा शरीर शाबूत राहण्याचा प्रश्न आहे, तो चैनीच्या खात्यात टाकता येत नाही.

फिरत्या घरात सोयी बसवता येत नाहीत, असे कुणी म्हणेल. केरळच्या वेंबनाड तलावातली केट्टुवळ्ळम बघावीत. फणसाच्या फळ्या काथ्याने शिवून केलेल्या या नावा पूर्वी भात वाहत. रस्ते झाले, माल ट्रकने जाऊ लागला, आणि त्या नावांची पर्यटकांसाठी घरे झाली. छप्पर आजही बांबू आणि चटयांचेच, कोपीसारखेच. त्या छपराखाली पलंग, स्वयंपाकघर, न्हाणीघर, शौचालय, दिवे, पंखे सगळे बसले. पाण्यावर तरंगणाऱ्या घरात जे जमले ते कोरड्या जमिनीवर न जमण्याचे कारण नाही. एवढे लांब तरी कशाला जावे? आपल्या गावातला मांडववाला एका रात्रीत लोखंडी पाइप जोडून हजार माणसांची सावली उभी करतो. पाण्याचा टँकर, दिव्यांच्या माळा लावतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे ट्रकमध्ये भरून नेतो. तसाच घडीचा पाइपचा सांगाडा, माणूस उभा राहील एवढ्या उंचीचा, जाड ताडपत्री आणि तिच्याखाली उष्णता अडवणारा थर, एक सौर दिवा, तोटी बसवलेले पिंप, आणि दर काही कोप्यांमागे चाकांवरचे शौचालय व न्हाणी. यात नव्याने शोधावे असे काहीही नाही.

हे करायचे कुणी, हाच खरा पेच. 1951 च्या मळा कामगार कायद्याने चहा-कॉफीच्या मळेवाल्यांवर मजुरांच्या घरांची जबाबदारी टाकली. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने परराज्यात नेलेल्या मजुराची राहण्याची योग्य सोय ठेकेदाराने करावी, असे सांगितले. वाशीहून बेळगावला गेलेला कोयता निदान कागदावर त्यात बसत होता. वाशीहून कोल्हापूरला गेलेला बसत नव्हता. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो ऊस कारखान्याचा, आणि कोपी दोघांच्या मध्ये उघड्यावर राहते.

पैशाची वाट मात्र आता निघाली आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी 10 रुपये आणि सरकारने तेवढेच द्यायचे, असा निर्णय झालेला आहे. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली आहे. मुले गावी शिकावीत हे उत्तमच. पण त्यांचे आईबाप वर्षाचा निम्मा काळ जिथे राहतात, त्या जागेलाही या पैशातला वाटा मिळायला हवा. निम्मे वर्ष ज्यात काढायचे, जिथे बाळंतपणे होतात, लेकरे चालायला शिकतात, त्याला तात्पुरता निवारा म्हणून सोडून देणे हा अन्याय आहे.

प्रत्येक हंगामाआधी साखर कारखान्याला साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. उसाचा काटा जसा तपासला जातो तसा तोडणी कामगारांचा तळही तपासावा. पिण्याचे पाणी, दिवा, न्हाणी, शौचालय आणि उभे राहता येईल असे छप्पर असल्याशिवाय परवाना देऊ नये. वाशी, भूम, कळंबच्या लोकप्रतिनिधींनी आणि ग्रामसभांनी ही एक मागणी येत्या दसऱ्याच्या आत लेखी करावी. गाड्या निघाल्यावर ती ऐकायला गावात कुणी उरत नाही.