कोंब फुटलेल्या नारळातली गोडी

परसात पडून राहिलेला, कोंब आलेला नारळ फोडला तर आत पाणी फारसे उरलेले नसते. त्या जागी स्पंजासारखा मऊ, पांढरा-पिवळसर गोळा असतो. तो चवीला चांगला गोड लागतो. लहानपणी आम्ही त्यावरून भांडलो आहोत, पण ही गोडी येते कुठून हा प्रश्न तेव्हा सुचला नव्हता. खोबऱ्यात साखर थोडीच. सुक्या खोबऱ्याच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग तेलाचा!

नारळाचा भ्रूण मऊ डोळ्याच्या आतल्या बाजूस, खोबऱ्यात रुतलेला असतो. नारळ रुजला की त्याच्या एकुलत्या एका बीजपत्राचे टोक बाहेर न येता आतल्या पोकळीत वाढते, ती भरून टाकते आणि खोबऱ्याला टेकून त्यातले अन्न शोषते. आपण खातो तो गोळा म्हणजे हाच भाग. आता अडचण अशी, की तेल पाण्यात विरघळत नाही. कोंबाच्या टोकापर्यंत ते पोचवायचे कसे? म्हणून विकरे आधी तेलाचे विघटन करतात, त्यातून साखर बनते आणि ती पाण्यात विरघळून वाढत्या भागाकडे जाते. मेदाम्लांपासून अशी साखर बनवणे आपल्या शरीराला जमत नाही. या कामातले महत्त्वाचे टप्पे ज्यांत घडतात ते पेशीतले सूक्ष्म कण ब्रायडेनबाख आणि बीव्हर्स यांनी १९६७ साली एरंडाच्या रुजत्या बियांत दाखवून दिले.

साऱ्याच झाडांची शिदोरी तेलाची नसते. फणसाच्या आठळीत मुख्यतः पिष्ट असते. चिंचोक्याची तऱ्हा आणखी वेगळी : त्याचा मोठा साठा पेशींच्या जाड भिंतींतच असतो. घोंगडीला खळ देतात ती याच पदार्थाची.

साठा कोणताही असो, तो सगळाच्या सगळा रोपात उतरत नाही. बराचसा श्वसनात खर्च होतो. अंधारात वाढवलेले रोप रोज उंच होताना दिसते, पण मुळांसकट वाळवून वजन केले तर ते मूळच्या कोरड्या बीपेक्षा हलके भरते. वाढलेले वजन पाण्याचे होते! हिरवी पाने स्वतःपुरते अन्न करू लागेपर्यंत हा तोटा चालूच राहतो.

वर्गात हे पाहायला चिंचोके सोयीचे, कारण त्यांची जाड बीजपत्रे मातीवर येतात. चिंचोके एका बाजूने दगडावर घासून रात्रभर भिजवावेत आणि पेरावेत. काही रोपांची बीजपत्रे वर येताच खुडावीत, काहींची पहिली खरी पाने उलगडल्यावर, आणि काहींना हात लावू नये. महिनाभर दर आठवड्याला उंची व पानांची संख्या नोंदवावी. पहिल्या गटातली काही रोपे मरतील; तीही नोंद ठेवावी.

साठा भरपूर असूनही बी मरू शकते, हे आम्ही चुकीतून शिकलो. एका वर्षी मे महिन्यात मुलांनी आंब्याच्या कोयी आणि चिंचोके जमवले. आम्ही दोन्ही उन्हात चांगले वाळवून डब्यात भरले आणि जुलैत पेरले. चिंचोके उगवले, कोय एकही रुजली नाही. मुले रोज येऊन माती उकरून पाहत. चिंचोका कोरडा होऊन जवळजवळ निपचित पडून राहू शकतो. कोय, आठळी, जांभळाचे बी यांना ते साधत नाही. झाडावरून उतरतानाच ती ओलसर आणि श्वसन करणारी असतात, आणि फार वाळली की त्यांच्या पेशी मरतात. आमच्या कोयींतले पिष्ट कुठे गेले नव्हते; ते वापरणारा भ्रूण मेला होता.

त्यामुळे कोयी जूनची वाट पाहत ठेवू नयेत. आंबा खाल्ल्यावर कोय धुऊन, सावलीत वरवरचे पाणी निथळू देऊन, चार-सहा दिवसांतच पिशवीतल्या ओल्या मातीत लावावी. सुट्टीत पाणी घालायला शाळेजवळ राहणारी दोन मुले आधीच ठरवून ठेवावीत.