चाळशी उतरविण्याची शस्त्रक्रिया

वयाच्या चाळिशीची खूण मराठी भाषेने फार पूर्वीच करून ठेवली आहे. जवळचे वाचण्यासाठी जो चष्मा लागतो त्याला आपण 'चाळशी' म्हणतो. अमक्याला चाळशी लागली एवढे म्हटले की त्या गृहस्थाचे वय, कानशिलावरचे केस आणि वर्तमानपत्र धरताना लांब गेलेला हात, हे सारे ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते. अलीकडे ही चाळशी कायमची उतरवून देऊ, अशा जाहिराती आमच्या कांजूरमार्गातही दिसू लागल्या आहेत. डोळ्यातले निसर्गाने दिलेले भिंग काढावयाचे आणि त्या जागी कृत्रिम भिंग बसवावयाचे, असा हा प्रकार आहे. आणि तोही मोतीबिंदू झालेला नसताना, केवळ चष्म्याच्या कंटाळ्याने किंवा कामाच्या गरजेने.

हा विषय डॉक्टरांनी मांडावा हे खरे. आम्ही कामगार संघटनेतली माणसे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात पुष्कळ झालेले. परंतु संघटनेच्या कचेरीत बोनसाविषयी विचारावयास आलेला माणूस हल्ली जाता जाता डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा कागद पुढे करतो आणि "हे करून घ्यावे काय?" असे विचारतो. त्याला उत्तर देता यावे म्हणून आम्ही वाचले, डॉक्टरांना विचारले, आणि जे समजले ते येथे सांगत आहोत. शिवाय वसंत व्याख्यानमालेला हा विषय अगदीच परका नाही. १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू करणारे न्यायमूर्ती रानडे यांची दृष्टी अधू होती आणि त्यांना पुष्कळदा दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे.

प्रथम चाळशी लागते का ते पाहू. डोळ्यात प्रकाश शिरतो तो पुढच्या पारदर्शक पटलातून. प्रकाश वळविण्याचे सुमारे दोनतृतीयांश काम हे पटलच करते. उरलेले काम बाहुलीच्या मागे असलेले भिंग करते. हे भिंग जेमतेम नऊ-दहा मिलिमीटर रुंद असून एका पातळ पिशवीत असते, आणि ती पिशवी भोवतालच्या एका स्नायूच्या कड्याला बारीक तंतूंनी टांगलेली असते. दूर पाहताना तंतू ताणलेले असतात आणि भिंग चपटे राहते. जवळ पाहताना स्नायू आकुंचन पावतो, तंतू सैल पडतात आणि भिंग स्वतःच्या लवचिकपणाने फुगते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ही रचना १८५५ साली उलगडून सांगितली. दहा वर्षांचे पोर पुस्तक नाकाला लावून वाचते ते या लवचिकपणाच्या जोरावर.

पण या भिंगाची एक गोची आहे. कातडीवरचे जुने थर झडून जातात. भिंगातले झडून जाण्यास जागाच नाही. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे नवे थर जुन्यांवर चढत राहतात आणि आतला गाभा वर्षानुवर्षे कडक होत जातो. भांडुपच्या टायर कारखान्यात काम केलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. रबर जुने झाले की ते फाटण्यापूर्वी ताठ होते. चाळिशीच्या सुमारास भिंगाचा ताठरपणा जाणवू लागतो, आणि साठीला येईपर्यंत फुगण्याची शक्ती जवळजवळ संपते. याला रोग म्हणता येत नाही. ते राजालाही होते आणि हमालालाही. हेच भिंग पुढे गढूळ झाले म्हणजे त्याला मोतीबिंदू म्हणतात. म्हणजे चाळशी आणि मोतीबिंदू ही एकाच भिंगाच्या म्हातारपणाची दोन स्थानके आहेत, आणि आज आपण ज्या शस्त्रक्रियेविषयी बोलत आहोत ती दुसऱ्या स्थानकाची शस्त्रक्रिया पहिल्याच स्थानकावर उतरून करणे होय.

भिंगाला हात घालण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत शलाकेचा उपचार सांगितला आहे. पुढे शतकानुशतके शलाकेने गढूळ भिंग दृष्टीच्या वाटेतून बाजूला ढकलण्याची रीत चालली. भिंग डोळ्याबाहेर काढण्याची शस्त्रक्रिया फ्रान्समध्ये दाव्हिएल याने १७४७ साली केली. परंतु भिंग गेले की जाड काचेचा चष्मा आलाच. आमच्या लहानपणी चाळीतल्या म्हाताऱ्यांचे डोळे त्या चष्म्यामागे बशीएवढे दिसत, ते पुष्कळांना आठवत असेल.

आत नवे भिंग बसविण्याची कल्पना युद्धातून आली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे ॲक्रिलिक प्लास्टिकचे कण घुसत. हॅरॉल्ड रिडले या नेत्रवैद्याला दिसले की काचेचा कण डोळा सुजवितो, पण हे प्लास्टिक डोळा निमूटपणे सहन करतो. त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग करवून त्याने २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात ते रुग्णाच्या डोळ्यात घातले. त्याचेच व्यवसायबंधू त्याच्यावर कित्येक वर्षे तुटून पडले होते. पुढे १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन याने दातांच्या डॉक्टरकडचे अतिध्वनी कंपनांचे यंत्र पाहून तीच कंपने भिंग फोडण्यास वापरली, आणि मोठा छेद व टाके यांची गरज हळूहळू संपली.

आपल्या देशात या भिंगाची कथा निराळी आहे, आणि आम्हांला ती जास्त मोलाची वाटते. परदेशी भिंग गरिबाला परवडत नव्हते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ साली ऑरोलॅब नावाचा स्वतःचा कारखाना काढून ते स्वस्तात बनविले. महाराष्ट्रात जे. जे. रुग्णालयातून डॉ. तात्याराव लहाने यांनी लाखाहून अधिक मोतीबिंदू काढले आणि शिबिरे गावोगाव नेली. ज्याला दिसत नव्हते त्याला दिसू लागले, असा तो हिशेब. चाळशी उतरविण्याच्या शस्त्रक्रियेचा हिशेब मात्र असा सरळ नाही, कारण येथे काढावयाचे भिंग स्वच्छ आहे.

स्वच्छ भिंग काढण्याचा प्रयोगही नवा नाही. १८९० साली व्हिन्सेंझ फुकाला या डॉक्टरने फार मोठा मायनस नंबर असलेल्यांची भिंगे काढली. नंबर उतरला, परंतु पुष्कळांचा डोळ्यामागचा पडदा सुटला आणि ती पद्धत टाकून द्यावी लागली. आजची यंत्रे फुकालाच्या काळची नव्हेत, तरी त्याच्या रुग्णांवर जो प्रसंग आला त्याचे कारण आजही डोळ्यात तसेच आहे. मोठ्या मायनस नंबरचा डोळा लांबट असतो आणि त्याचा पडदा ताणून पातळ झालेला असतो. भिंग निघाले की आतला पारदर्शक गर पुढे सरकतो व पडद्याला ओढ देतो. वय जितके लहान तितका हा गर पडद्याला घट्ट चिकटलेला, म्हणून धोका अधिक. उलट मोठ्या प्लस नंबरचा डोळा आखूड असतो. त्याला हे भय कमी आणि लाभ जास्त, कारण त्या माणसाला दूरचेही दिसत नाही आणि जवळचेही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया पंधरा-वीस मिनिटांची. थेंब घालून डोळा बधिर करतात. सुमारे अडीच मिलिमीटरचा छेद घेऊन पिशवीच्या पुढच्या बाजूला गोल खिडकी पाडतात, कंपनांनी भिंग फोडून ओढून घेतात आणि गुंडाळलेले नवे भिंग नळीतून आत सोडतात. ते पिशवीत उलगडून बसते. टाका बहुधा लागत नाही. दुसरा डोळा सामान्यतः निराळ्या दिवशी करतात.

खरे कसब हातापेक्षा मापात आहे. टूलरूममधल्या माणसांना हे आवडेल. नव्या भिंगाची शक्ती ठरविण्यास डोळ्याची लांबी मोजावी लागते. ती सुमारे चोवीस मिलिमीटर असते, आणि तिच्यात एक मिलिमीटर चुकले तर नंबर अडीच-तीनने चुकतो. मोतीबिंदूच्या रुग्णाला पाऊण नंबर राहिला तर तो कुरकुरत नाही. ज्याने पैसे चष्मा काढण्यासाठीच मोजले, त्याला तेवढ्यानेच चुकल्यासारखे वाटते.

आता भिंगाच्या जाती. साधे भिंग एकाच अंतराला स्पष्ट दाखविते, बहुधा दूरचे. म्हणजे चाळशी राहिलीच. दुसरा उपाय म्हणजे एक डोळा दूरसाठी आणि एक जवळसाठी. काहींच्या मेंदूला ही वाटणी मानवते, काहींना मानवत नाही, म्हणून आधी काही दिवस तशाच नंबरचे काँटॅक्ट लेन्स लावून पाहावे. तिसरी जात बहुकेंद्री. तिच्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारखी वर्तुळे असतात आणि ती येणारा प्रकाश दूर आणि जवळ यांत वाटून देतात. जाहिरात असते ती मुख्यतः हिचीच. प्रकाश वाटला की प्रत्येक वाटा कमी होतो, हा साधा हिशेब आहे. अंधूक उजेडात फिकट रंग एकमेकांत मिसळतात, आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. बऱ्याच जणांना काही महिन्यांत त्याची सवय होते. काहींना होत नाही. पूर्व द्रुतगती महामार्गावर रात्रपाळीत ट्रक वा टॅक्सी चालविणाऱ्याने, समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याला प्रभावळ असलेली आपल्याला चालेल काय, हे आधी स्वतःला विचारावे. भिंग परत काढता येते असे म्हणतात ते खरे. पण ती दुसरी आणि अधिक कठीण शस्त्रक्रिया असते.

आणखी एक वर्ग आहे, ज्याला आम्ही हात धरून थांबविले आहे. ज्याचा नंबर मायनस अडीचच्या आसपास, तो माणूस चष्मा काढला की चाळीस सेंटिमीटरवरचे अक्षर आरामात वाचतो. निसर्गाने त्याला फुकटची चाळशी दिलेली असते. त्याच्या डोळ्यात दूरचे साधे भिंग बसविले तर आयुष्यभर लावलेला चष्मा जातो आणि जेवणाच्या ताटातले काटे पाहण्यास नवा चष्मा येतो. बोंबील खाणाऱ्याला ही अदलाबदल परवडत नाही.

जंतुसंसर्ग हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना होतो. पण झाला तर डोळा जाऊ शकतो. काही महिन्यांनी वा वर्षांनी मागची पिशवी गढूळ होणे हे मात्र पुष्कळांना होते आणि लेसरने दोन-चार मिनिटांत निस्तरते. लाभाच्या बाजूला हेही लिहिले पाहिजे की भिंगच नसल्याने पुढे मोतीबिंदू होत नाही. तेव्हा पंचावन्न-साठीचा, मोठ्या प्लस नंबरचा, निरोगी पडद्याचा आणि भिंग थोडे गढुळायला लागलेला माणूस हा या शस्त्रक्रियेस योग्य. पंचेचाळिशीचा, दूरचे उत्तम दिसणारा, केवळ वाचण्यास अडणारा माणूस हा नव्हे. त्याच्या भिंगात जो थोडा लवचिकपणा उरला आहे तोही जातो. मधुमेहाने पडदा बिघडलेल्याने किंवा काचबिंदू असलेल्याने बहुकेंद्री भिंगाच्या वाटेस सहसा जाऊ नये.

पैशाचे बोलू. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कामगार राज्य विमा योजनेत होते. मुलुंडचे विमा रुग्णालय आमच्या भागातल्या कामगारांना ठाऊक आहे. चाळशी उतरविणे त्यात बसत नाही. खासगी आरोग्यविम्यातही नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत ७.५ पेक्षा कमी नंबर घालविण्याचा खर्च वगळलेला आहे. म्हणजे भार पगारावर किंवा पतपेढीवर. आमच्याकडे सत्तेचाळीस वर्षांचा एक फिटर असा कागद घेऊन आला होता. दूरची नजर धडधाकट, व्हर्निअरवरच्या ०.०२ मिलिमीटरच्या रेघा दिसेनाशा झालेल्या, आणि दोन जॉब नापास झाल्यावर साहेबाने "डोळे नीट करून या" असे सांगितलेले. त्या कागदावरची रक्कम त्याच्या आठ महिन्यांच्या पगाराएवढी होती. तो पतपेढीच्या अर्जावर जामीनदाराची सही मागण्यास आला होता. आम्ही सही करण्याआधी त्याला महापालिकेच्या रुग्णालयात पाठविले. तेथे प्लस दीडचा नंबर निघाला. पुढे कंपनीशी तीन आठवडे वाद घालून सुरक्षेच्या गॉगललाच खालच्या भागात तो नंबर बसवून घेतला. खर्च कंपनीचा.

हा वाद घालताना आम्हांला एका पाहणीचा उपयोग झाला. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांपैकी निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला आणि निम्म्यांना पाहणी संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची खुडणी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक भरली. २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये ते प्रसिद्ध झाले. मालकापुढे हा आकडा ठेवला की तो कान टवकारतो. वाढलेल्या खुडणीचा वाटा मजुराला किती, हा प्रश्न त्या पाहणीत नव्हता. तो आम्ही विचारतो.

१९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या ३५ व्या कलमात डोळ्यांच्या रक्षणाची तरतूद होती. पण ती उडणाऱ्या कणांपासून आणि प्रखर उजेडापासून. नजर मंदावलेल्या कामगाराविषयी त्या कलमात शब्द नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्याविषयी आमच्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्या येथे काढीत नाही. परंतु चाळिशीपुढच्या कामगाराची दरवर्षी मोफत आरोग्यतपासणी मालकाने करावी, ही गोष्ट त्यांत आली आहे. या तपासणीत रक्तदाब आणि साखर पाहून कागद भरला जाईल, हे आम्हांला दिसतेच आहे. म्हणून आम्ही मागणीपत्रात एक ओळ वाढविली आहे: दूरच्या तक्त्याबरोबर जवळचा तक्ताही वाचून घ्यावा, तो कामगाराच्या यंत्रावरच्या नेहमीच्या अंतरावर आणि तेथल्याच उजेडात वाचून घ्यावा, आणि नंबर निघाल्यास चष्मा कंपनीने द्यावा.