बंदुकीकडून माणसाकडे

अमेरिकेतल्या परवानाधारक दुकानात पिस्तूल घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकासमोर आधी येतो तो एक अर्ज, फॉर्म ४४७३. वर्षाहून अधिक कैद होऊ शकते अशा गुन्ह्यात दोषी ठरला आहात का? घरच्या माणसाला मारहाण केल्याबद्दल शिक्षा झाली आहे का? हत्यार स्वतःसाठीच घेताय ना? दुसऱ्यासाठी घेत असताना इथे 'हो' लिहिणं हा केंद्रीय गुन्हा आहे. एच-१बी व्हिसावर तिकडे गेलेला मराठी इंजिनिअरही याच अर्जावर अडतो. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर ग्रीन कार्डाआधी त्याला बंदूक मिळत नाही. दुकानातून पिस्तूल घेणाऱ्याचं वय किमान २१ हवं आणि तो त्याच राज्याचा रहिवासी हवा, असं १९६८च्या कायद्याने ठरवलं. राज्यांचे नियम त्याखेरीज. कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबावं लागतं.

पण अर्जातली उत्तरं खरी कशावरून? ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला. त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी घुसली आणि ते कायमचे अपंग झाले. हल्लेखोराने रिव्हॉल्वर डलासमधल्या गहाणवटीच्या दुकानातून घेतलं होतं आणि अर्जावर खोटा पत्ता लिहिला होता. ब्रेडींच्या पत्नी सारा यांनी वर्षानुवर्षं चिकाटीने लढा दिल्यावर १९९३ साली विक्रीआधी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासायला लावणारा, ब्रेडींच्या नावाचा कायदा झाला. त्यानुसार ३० नोव्हेंबर १९९८पासून दुकानदार एफबीआयकडे विचारणा करतो. बहुतेकदा काही मिनिटांत उत्तर येतं. कामकाजाच्या तीन दिवसांत नकार आला नाही, तर केंद्रीय कायद्यानुसार दुकानदार माल देऊ शकतो. ही तरतूद मला घातक वाटते. २०१५ साली चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याच्या हाती पिस्तूल याच वाटेने आलं होतं.

खरं नवल पुढे आहे. होकार दिला की गिऱ्हाइकाची ओळख पटवणारी नोंद एफबीआयला २४ तासांच्या आत नष्ट करावी लागते. बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही करायला १९८६च्या कायद्याने मनाई आहे. सरकार घरोघरची हत्यारं जप्त करेल, ही त्यामागची जुनी धास्ती. म्हणून भरलेला अर्ज दुकानातच राहतो आणि दुकान कायमचं बंद झालं, की पश्चिम व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या सरकारी बंदूक-शोध केंद्रात जातो. अशा कोट्यवधी पानांच्या तिथे प्रतिमा काढून ठेवल्या आहेत, पण नाव टाकून शोधता येईल अशी सोय त्यांत मुद्दाम ठेवलेली नाही.

गुन्ह्याच्या जागी पिस्तूल सापडलं, की त्यावरचा क्रमांक घेऊन शोध सुरू होतो. आधी कारखाना, मग घाऊक व्यापारी, मग दुकान. ते दुकान बंद झालेलं असेल, तर केंद्रातला कर्मचारी त्याची पानं पडद्यावर एकेक करून पाहत जातो, तो क्रमांक आणि शेजारी पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव दिसेपर्यंत.