सरावलीचे तुकडे किती?

रविवारच्या शब्दकोड्यात ‘सरावली’ भरायचं तर चौकटी चार लागतात: स, रा, व, ली. डहाणू तालुक्यातल्या या गावाचं नाव शाळकरी मूलही असंच फोडेल. तेच नाव पीएचपी या वेबच्या भाषेतल्या ‘स्ट्र_स्प्लिट’ला द्या. हातात १८ तुकडे येतात आणि एकही वाचता येत नाही.

यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. स, र, काना, व, ल, दुसरी वेलांटी ही ६ चिन्हं, म्हणून १८ बाइट. स्ट्र_स्प्लिट बाइटवर सुरी चालवतं. २०१९च्या पीएचपी ७.४ने ‘एमबी_स्ट्र_स्प्लिट’ आणलं. ते ६ तुकडे करतं, पण काना ‘र’पासून सुटून एकटा पडतो. अक्षर म्हणजे काय हे मराठी माणसाला जसं कळतं, तसं फोडणारं ‘ग्राफीम_स्ट्र_स्प्लिट’ यायला २०२४मधलं पीएचपी ८.४ उजाडावं लागलं. हा उशीर मला खटकतो.

पत्ता फोडायचा असेल तर गोष्ट वेगळी. ‘सरावली, डहाणू, पालघर’ यासाठी ‘एक्सप्लोड’ पुरेसं आहे. स्वल्पविरामाचा बाइट देवनागरी चिन्हाच्या पोटात कधीच नसतो, त्यामुळे अक्षर दुखावत नाही. कुणी तालुका न लिहिता ‘सरावली,,पालघर’ भरलं, तर एक्सप्लोड मधला तुकडा रिकामा ठेवतं. ‘स्ट्रटोक’ तो गिळून टाकतं आणि पालघर तालुक्याच्या रकान्यात जाऊन बसतं. अर्जांच्या यादीसाठी मी तरी एक्सप्लोडच वापरेन. रिकामी जागा दिसली तर निदान विचारता येतं.

स्वल्पविराम आणि दंड दोन्हींवर तोडायचं असेल तर ‘प्रेग_स्प्लिट’ लागतं. नमुना चौकटी कंसात लिहिताना शेवटी ‘यू’ हे अक्षर विसरू नका. ते नसेल तर दंडाचे तीन बाइट तीन स्वतंत्र खुणा ठरतात. त्यांतला पहिला बाइट देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाच्या सुरुवातीला असतो, म्हणजे अख्खं गाव चिरलं जातं.

जोडाक्षराशी मात्र ग्राफीमही अडखळू शकतं. याच जिल्ह्यातल्या ‘सूर्या’ नदीचं नाव घ्या. मागे काम करणारी आयसीयू लायब्ररी जुनी असेल तर सू, र्, या असे तीन तुकडे होतात. जोडाक्षर एकसंध ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३च्या १५.१ आवृत्तीत आला. तो पाळणारी लायब्ररी असेल तर सू आणि र्या, दोनच.