आण्यांचे नवे पैसे आणि मूळ अवयव

'मूळ अवयव पाडा' असे फळ्यावर लिहिले की वर्गातील निम्मे चेहरे उतरतात. आम्ही कला शाखेचे. आमचाही उतरत असे. परंतु आमच्या कोकणी घरात आजी पंचवीस पैशांच्या नाण्यास 'चार आणे' म्हणे, आणि 'मग तीन आण्यांचे किती?' असे विचारताच नुसती हसे. त्या हसण्याचे कारण आम्हांस पुढे अवयवांत सापडले.

जुन्या रुपयाचे १६ आणे, म्हणजे ६४ पैसे. १ एप्रिल १९५७ पासून त्याचे १०० नवे पैसे झाले. (पाचच महिन्यांपूर्वी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता. निपाणीकराचे राज्य बदलले, पाठोपाठ नाणेही!)

६४ = २×२×२×२×२×२ आणि १०० = २×२×५×५. दोन्हींत प्रत्येक मूळ अवयवाच्या जोड्या लागतात. म्हणून दोन्ही पूर्ण वर्ग होत, एक ८ चा, दुसरा १० चा. लघुतम साधारण विभाज्य काढताना प्रत्येक अवयव जेथे अधिक वेळा आला असेल तेथून घ्यावयाचा: सहा वेळा २, दोन वेळा ५, म्हणजे १६००. येथेही जोड्या मोडत नाहीत, म्हणून हाही ४० चा पूर्ण वर्ग.

रुपयाचे असे १६०० समान कण कल्पिले, तर जुन्या पैशात २५ कण येतात, नव्यात १६. या दोहोंत एकही मूळ अवयव समान नाही. म्हणून १६ जुने पैसे, अर्थात ४ आणे, होईपर्यंत हिशेब कोठेच जुळत नाही. ४ आण्यांचे २५, ८ चे ५०; तीन आण्यांचे मात्र पावणेएकोणीस!

नियम असा होता की अर्धा वा त्याहून कमी अपूर्णांक सोडावा, अधिक असल्यास पुरा धरावा. त्यामुळे ३ आण्यांचे १९, एका आण्याचे ६ आणि एका जुन्या पैशाचे २ नवे पैसे होत. रुपयाचा माल एकदम घेणारा १०० नवे पैसे देई. तोच माल एकेक पैशाचा ६४ वेळा घेणारा १२८! आण्याआण्याने घेतल्यास ९६च, तेथे तोटा दुकानदाराचा. जुनी नाणी काही काळ चालत होती, ती गाठीस असणाऱ्यास ही झळ नव्हती. पण निपाणीसारख्या विडी-तंबाखूच्या गावात, हातावर पोट असलेल्या घरी, हा अपूर्णांक केवळ वहीतला नव्हे.

जुन्या रुपयाच्या १९२ पै होत. १९२ मध्ये ३ एकटाच उरतो. १९२ व १०० यांचा लघुतम साधारण विभाज्य काढा, आणि तो पूर्ण वर्ग होण्यास कोणत्या लहानात लहान संख्येने गुणावा लागेल ते सांगा.